वकील शेवटचा प्रश्न का विचारत नाही?

समजा, तुम्ही जिल्ह्याच्या सत्र न्यायालयात मागच्या बाकावर बसला आहात. बांधाच्या भांडणातून झालेल्या खुनाचा खटला चालू आहे. पिंजऱ्यात उभा असलेला साक्षीदार सांगतोय की त्यानं आरोपीला कोयत्यानं वार करताना डोळ्यांनी पाहिलं. आरोपीचा वकील उठतो आणि भलतेच प्रश्न विचारू लागतो. त्या दिवशी अमावास्या होती का? खांबावरचा दिवा तुमच्यापासून किती लांब? मधल्या रानात काय होतं? ऊस. किती वाढला होता? डोक्याच्या वर. आता तुम्ही सरसावून बसता. पुढचा प्रश्न उघड आहे: ‘मग उसाच्या पलीकडचं तुम्हाला दिसलं कसं?’ पण वकील ‘एवढंच, साहेब’ म्हणतो आणि खाली बसतो.

मागच्या बाकावरच्या माणसाला वाटतं, वकील कच्चा आहे. प्रत्यक्षात त्यानं बहुधा त्या दिवसाचं सर्वांत अवघड काम केलेलं असतं. खटला चालवणाऱ्या वकिलाचं कसब आपण सिनेमामुळे त्याच्या बोलण्यात शोधतो. गीतेवर हात, टेबलावर मूठ आणि शेवटी ढसाढसा रडत गुन्हा कबूल करणारा साक्षीदार, असं ते चित्र. आपल्या न्यायालयांत गीताही नसते. १९६९ च्या शपथ कायद्याप्रमाणे साक्षीदार ईश्वराला स्मरून शपथ घेतो किंवा नुसतं गांभीर्यानं प्रतिज्ञा करतो. कबुलीचे प्रसंग तर वकिलाच्या सगळ्या कारकिर्दीतही येत नाहीत. त्याचं खरं काम वेगळ्याच जागी चालतं, आणि ती जागा म्हणजे टंकलेखकासमोरचा कागद.

बोललेलं आणि उरलेलं

सत्र खटल्यात साक्षीदाराचं बोलणं सहसा प्रश्नोत्तरांच्या रूपात लिहिलं जात नाही. कायदा सांगतो की ते साधारणपणे निवेदनाच्या रूपात उतरवावं. एखादा प्रश्न जसाच्या तसा नोंदवायचा की नाही, हे न्यायाधीशांच्या इच्छेवर असतं. म्हणजे वकील विचारतो, ‘त्या वेळी लाईट गेली होती ना?’ साक्षीदार म्हणतो, ‘हो.’ न्यायाधीश टंकलेखकाला सांगतात: ‘घटनेच्या वेळी वीजपुरवठा खंडित होता हे म्हणणे खरे आहे.’ प्रश्न नाहीसा होतो आणि साक्षीदाराच्या तोंडचं वाक्य उरतं.

वकिलाचा आवाज, त्यानं घेतलेला विराम, साक्षीदाराची चुळबुळ, यातलं फारसं काही या कागदावर येत नाही. साक्षीदाराच्या वागण्याबद्दल न्यायाधीश टिपण करू शकतात, पण ते क्वचित होतं. निकाल लिहिताना न्यायाधीशांसमोर हाच कागद असतो. कधी मधल्या काळात न्यायाधीशांची बदली झालेली असते आणि निकाल लिहिणाऱ्यानं तो साक्षीदार पाहिलेलाही नसतो. अपिलात उच्च न्यायालयाचे न्यायमूर्तीही हाच कागद वाचतात. म्हणून कसलेला वकील प्रश्न तयार करताना उत्तराचं वाक्य आधी मनात लिहितो. तीन गोष्टी एकाच प्रश्नात कोंबल्या आणि साक्षीदार ‘नाही’ म्हणाला, तर तो नेमकं कशाला नाही म्हणाला हे पुढे कुणालाच कळत नाही. छोटा, एकाच गोष्टीचा प्रश्न विचारण्यामागचं कारण हे आहे.

कागद आणि समोरचा माणूस यांतलं अंतर किती असू शकतं, हे मुंबईनं एकदा ठळकपणे पाहिलं. २७ एप्रिल १९५९ ला नौदलाचे अधिकारी कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना त्यांच्या घरी रिव्हॉल्व्हरच्या तीन गोळ्यांनी ठार केलं. गोळ्या झटापटीत सुटल्या, असा बचाव होता. गणवेशातला देखणा अधिकारी आणि उद्ध्वस्त झालेला संसार ज्युरीनं समोर पाहिला आणि ८ विरुद्ध १ मतांनी नानावटींना निर्दोष ठरवलं. सत्र न्यायाधीशांना ते पटलं नाही आणि त्यांनी प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाकडे पाठवलं. तिथे पुरावा कागदावर वाचला गेला. आहुजा नुकतेच आंघोळ करून आले होते आणि कमरेचा टॉवेल त्यांच्या मृतदेहावर जागच्या जागी होता. दोन माणसांची जिवावरची झटापट झाली असेल, तर टॉवेल सुटला कसा नाही? नानावटी दोषी ठरले, आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो निकाल कायम ठेवला. समोर बसलेल्या ज्युरीला भावलेली कहाणी कागदावर तपासली गेली, तेव्हा टिकली नाही.

┌──────────
चौकट: साक्षीचे तीन टप्पे

*सरतपास:* साक्षीदाराला बोलावणारी बाजू आधी विचारते. इथे सूचक प्रश्न, म्हणजे ज्यात उत्तर दडलेलं आहे असे प्रश्न, सहसा चालत नाहीत. ‘आरोपीच्या हातात कोयता होता ना?’ असं विचारता येत नाही. ‘आरोपीच्या हातात काय होतं?’ असं विचारावं लागतं.

*उलटतपास:* विरुद्ध बाजू विचारते. इथे सूचक प्रश्नांना मुभा आहे. सरतपासात आलं नाही त्याबद्दलही विचारता येतं, फक्त ते प्रकरणाशी संबंधित हवं.

*फेरतपास:* उलटतपासात काही संदिग्ध राहिलं असेल, तर खुलाशासाठी पहिली बाजू पुन्हा विचारते. नवीन विषय न्यायालयाच्या परवानगीशिवाय काढता येत नाही.

दिवाणी दाव्यात सरतपास बहुतेक प्रतिज्ञापत्रावरच होतो आणि न्यायालयात उभं राहून चालतो तो मुख्यतः उलटतपास.
──────────┘

तयारी: दोषारोपपत्राची उलटी पारायणं

उलटतपास सुचत नसतो. तो आधी लिहिलेला असतो. पोलिसांच्या दोषारोपपत्रात फिर्याद, साक्षीदारांचे जबाब, घटनास्थळाचा पंचनामा, मृतदेहाचा पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, जप्तीचे पंचनामे आणि रासायनिक विश्लेषकाचा अहवाल असं सगळं असतं. आरोपीला त्याच्या प्रती मोफत मिळण्याचा हक्क आहे. वकील हे कागद पोलिसांनी लावलेल्या क्रमानं वाचतो, आणि मग वेळेच्या क्रमानं. फिर्याद रात्री अकराला नोंदली असेल आणि तिचा गुन्हा क्रमांक नऊ वाजता झालेल्या पंचनाम्यावर लिहिलेला असेल, तर क्रमांक आधीच कसा कळला? शवविच्छेदनात पोटात न पचलेलं अन्न आहे आणि घरचे सांगतात की तो सकाळपासून उपाशी होता. अशा जागांवर खुणा होतात.

पंचांचं वेगळं प्रकरण आहे. जप्ती खरोखर घटनास्थळी झाली की पोलीस ठाण्यात बसून कागद रंगला, हे ठरवण्यासाठी त्यांची साक्ष असते. म्हणून ‘याआधी किती पंचनाम्यांवर सही केलीत?’ हा प्रश्न महाराष्ट्रातल्या न्यायालयांत नेहमी ऐकू येतो. २०२४ मध्ये लागू झालेल्या नव्या फौजदारी कायद्यानं झडती आणि जप्तीचं दृकश्राव्य चित्रण बंधनकारक केलं आहे. तेव्हा आता तयारीत ते चित्रण सेकंदासेकंदानं पाहणंही आलं.

आणि माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित तयारी म्हणजे घटनास्थळी स्वतः जाऊन उभं राहणं. नकाशावर वीस फूट दिसणारं अंतर प्रत्यक्षात ओढ्याच्या दोन काठांवर असू शकतं. सुरुवातीच्या त्या वकिलाला ऊस आठवला, तो रानात जाऊन आल्यामुळे.

जबाबात नव्हतं, ते न्यायालयात आलं कुठून?

आता या कामातल्या सर्वांत बारीक भागाकडे येऊ. गुन्हा घडल्यावर पोलीस साक्षीदाराचा जबाब लिहून घेतात. या जबाबावर साक्षीदाराची सही घ्यायची नाही, असा कायदा आहे. जबाब हा पुरावाही नाही. त्यात लिहिलंय म्हणून ते खरं, असं सरकार पक्षाला म्हणता येत नाही. पोलिसांनी दडपणाखाली काहीही लिहून घ्यावं आणि त्यावर माणसाला शिक्षा व्हावी, हे टाळण्यासाठी ही तरतूद आहे. त्याचा मुख्य उपयोग एकच: तो साक्षीदार न्यायालयात वेगळं बोलला, तर ती विसंगती दाखवणं.

विसंगती दोन प्रकारची असते. जबाबात ‘काठी’ म्हटलं आणि न्यायालयात ‘कोयता’ म्हटलं, तर तो उघड विरोध. दुसरा प्रकार मौनाचा. जबाबात कोयत्याचा उल्लेखच नाही आणि न्यायालयात कोयता अवतरतो. वकिलांच्या भाषेत हे ‘ओमिशन’. प्रत्येक वगळणूक महत्त्वाची नसते. माणूस सगळं एका दमात सांगत नाही, आणि लिहिणारा हवालदारही सगळं लिहीत नाही. पण त्या परिस्थितीत कुणीही सांगितलीच असती अशी मोठी गोष्ट सुटली असेल, तर ती विसंगतीच मानली जाते. १९५९ मध्ये तहसीलदार सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या मर्यादांची सविस्तर चर्चा केली, आणि तो निकाल आजही वकिलांच्या तोंडी असतो.

हे सिद्ध कसं करायचं? पहिली पायरी साक्षीदारापाशी. वकील विचारतो: ‘आरोपीच्या हातात कोयता होता असं तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?’ साक्षीदार म्हणतो, सांगितलं होतं. मग जबाब त्याच्यासमोर धरला जातो. तिथे ते वाक्य नाही. कागदावर उतरतं: ‘पोलिसांनी तसे का लिहिले नाही याचे कारण मला सांगता येणार नाही.’ महाराष्ट्रातल्या कोणत्याही खुनाच्या खटल्याची कागदपत्रं उघडा, हे वाक्य हमखास सापडेल. उघड विरोध असेल तर जबाबातला नेमका तेवढा भाग साक्षीदाराला वाचून दाखवायचा आणि त्यावर ‘अ’, ‘ब’ अशी खूण करून घ्यायची.

नवखा वकील इथे जिंकल्याच्या आनंदात थांबतो, आणि इथेच फसतो. कारण जबाब हा अजून पुरावा झालेलाच नाही. दुसरी पायरी कित्येक महिन्यांनी येते, जबाब लिहिणारा तपास अधिकारी पिंजऱ्यात उभा राहतो तेव्हा. त्याला विचारावं लागतं: ‘अमुक साक्षीदारानं कोयत्याबद्दल तुम्हाला सांगितलं नव्हतं, हे खरं?’ आणि ‘खूण अ चा मजकूर तुम्ही त्याच्या सांगण्याप्रमाणे लिहिलात?’ तो ‘हो’ म्हणाला की विसंगती सिद्ध झाली. हा प्रश्न राहिला, तर आधीची सगळी मेहनत म्हणजे दोऱ्याला गाठ न मारता घातलेला टाका: दिसायला शिवण घट्ट, पण अपिलात कुणी जरा ओढलं की उसवते. दहा साक्षीदारांच्या तीस-चाळीस विसंगती वर्षभर जपून ठेवायच्या आणि तपास अधिकाऱ्यासमोर एकेक करून पुऱ्या करायच्या, हे काम चोख वहीशिवाय होत नाही. मला तरी वकिलाची पारख त्याच्या भाषणापेक्षा या वहीवरून करावीशी वाटते.

आणि म्हणून तो बसला

आता त्या उसाकडे पाहू. अमावास्या, लांबचा दिवा, डोक्याच्या वर गेलेला ऊस ही तिन्ही वाक्यं साक्षीदाराच्या तोंडून कागदावर आली आहेत. वकिलानं ‘मग दिसलं कसं?’ विचारलं असतं, तर साक्षीदाराला खुलाशाची संधी मिळाली असती: ‘मी विहिरीच्या कठड्यावर चढलो होतो.’ खरं असो वा खोटं, ते वाक्य कागदावर आलं असतं आणि तिन्ही वाक्यांवर पाणी पडलं असतं. दिसलं नसणार, हा निष्कर्ष साक्षीदाराकडून वदवून घ्यायचा नसतोच. तो शेवटच्या युक्तिवादात न्यायाधीशांसमोर मांडायचा असतो, जेव्हा साक्षीदार खुलासा द्यायला उभा नसतो. ‘का’ आणि ‘कसं’ हे शब्द उलटतपासात जपून वापरतात ते यामुळे.

तरी धोका उरतोच. सरकारी वकील जागा असेल, तर फेरतपासात तोच प्रश्न विचारू शकतो. म्हणून चतुर वकील अशी तीन वाक्यं एकापाठोपाठ घेत नाही. एक सुरुवातीला, एक मध्ये, एक शेवटी, अशी विखरून घेतो.

‘तुम्ही खोटं बोलताय’ हे कशासाठी?

जवळपास प्रत्येक उलटतपासाच्या शेवटी वकील विचारतो, ‘आरोपी तिथे नव्हताच, जमिनीच्या वादामुळे तुम्ही खोटी साक्ष देताय, हे खरं?’ साक्षीदार अर्थातच नाही म्हणतो. मग विचारायचं कशाला? आपल्या बाजूचं म्हणणं साक्षीदारासमोर ठेवून त्याला उत्तर देण्याची संधी द्यायची, हा न्यायाचा जुना नियम आहे. इंग्लंडमध्ये १८९३ च्या ब्राउन विरुद्ध डन निकालानं तो पक्का केला आणि आपल्याकडची न्यायालयंही तो मानतात. साक्षीदाराच्या एखाद्या विधानाला आव्हानच दिलं नाही, तर ते मान्य आहे असं न्यायालय धरू शकतं.

पण या सूचनाही मोजून द्याव्या लागतात. ‘भांडण आधी फिर्यादीनंच काढलं ना?’ असं वकिलानं विचारलं, तर आरोपी घटनास्थळी होता हे त्यानं आपल्याच तोंडानं मान्य केल्यासारखं होतं. महाराष्ट्रातून गेलेल्या एका अपिलात सर्वोच्च न्यायालयानं २०२३ मध्ये स्पष्ट केलं की बचावाच्या वकिलानं दिलेली अशी सूचना आरोपीवर बंधनकारक ठरू शकते. एका चुकीच्या वाक्याची किंमत पक्षकार तुरुंगात मोजतो, ही जाणीव या धंद्यातला सर्वांत मोठा ताण असावा.

साक्षीदार फिरला तर

सरकारी वकिलाचं दुखणं निराळं. जबाबात सगळं सांगितलेला साक्षीदार पिंजऱ्यात येऊन ‘मी काही पाहिलं नाही’ म्हणतो. गावातलं दडपण, पैसा, भाऊबंदकीतली तडजोड किंवा नुसती भीती, यांपैकी काहीही त्यामागे असू शकतं. मग न्यायालयाच्या परवानगीनं सरकारी वकील आपल्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतो. फितूर झाला म्हणून त्याची सगळी साक्ष पुसली जात नाही. त्यातला इतर पुराव्याशी जुळणारा भाग न्यायालय घेऊ शकतं. साक्षीदाराला संरक्षण देणारी योजना सर्वोच्च न्यायालयानं २०१८ मध्ये देशभर लागू केली, पण तालुक्याच्या गावात शेजारी राहणाऱ्या आरोपीपासून संरक्षण म्हणजे काय, हा प्रश्न कागदावर सुटण्यासारखा नाही.

फितुरीला सर्वांत मोठी मदत होते ती तारखांची. पंजाबातल्या एका लाच प्रकरणात सरतपास आणि उलटतपास यांच्यात वीस महिने गेले, आणि तेवढ्यात साक्षीदार फिरला. २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यावर कडक ताशेरे ओढले. साक्षीदार हजर असताना सुनावणी रोजच्या रोज चालावी, असं कायदा केव्हाचा सांगतो. पण त्याच सकाळी वकिलाची दुसऱ्या दोन न्यायालयांत प्रकरणं असतात, एका साक्षीदाराला समन्स पोचलेलं नसतं, तुरुंगातून आरोपी आणलेला नसतो. त्यात १ जुलै २०२४ पासून तीन नवे फौजदारी कायदे आले. नियमांचा गाभा बराचसा तोच असला तरी कलमांचे आकडे बदलले, आणि जुन्या गुन्ह्यांना जुनं दंडविधान लागू असल्यानं वकिलाला दोन्ही पुस्तकं जवळ ठेवावी लागतात.

विचारता येत नाही असं

उलटतपासाला मुभा मोठी आहे, पण अमर्याद नाही. बलात्काराच्या खटल्यात पीडितेच्या पूर्वचारित्र्यावरून तिची साक्ष मोडण्याची वाट संसदेनं २००३ मध्ये बंद केली. लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलांसाठी २०१२ चा पोक्सो कायदा आणखी पुढे जातो. तिथे वकील मुलाला थेट विचारत नाही. तो प्रश्न विशेष न्यायाधीशांना देतो आणि न्यायाधीश ते मुलाला विचारतात. ही सक्ती मला योग्य वाटते. दरडावून मिळणारं उत्तर घाबरलेल्या मुलाचं असतं, आणि घाबरलेलं मूल खरं बोलतंय की खोटं, हे कुणालाच ठरवता येत नाही.

ज्याचं वकीलपत्र कुणी घेत नाही

‘गुन्हेगाराची बाजू घेताना लाज कशी वाटत नाही?’ हा प्रश्न प्रत्येक फौजदारी वकिलाला लग्नकार्यात कधी ना कधी विचारला जातो. बार कौन्सिलचे नियम याबाबत स्पष्ट आहेत: आरोपीच्या दोषाबद्दल वकिलाचं स्वतःचं मत काहीही असो, त्यानं बचाव करायचा. तेच नियम सरकारी वकिलाला बजावतात की निरपराध माणसाला शिक्षा होईल अशा रीतीनं खटला चालवू नये आणि निर्दोषपणा दाखवणारा पुरावा दडवू नये.

२६/११ च्या हल्ल्यानंतर अजमल कसाबचं वकीलपत्र कुणी घेऊ नये, असा ठराव मुंबईतल्या एका वकील संघटनेनं केला होता. पुढे २०१० मध्ये, तामिळनाडूतल्या एका प्रकरणात, सर्वोच्च न्यायालयानं असे ठराव बेकायदा ठरवले. कसाबला सरकारी खर्चानं वकील मिळाला, पुरावा तपासला गेला आणि तो दोषी ठरला. पण त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपीही होते. त्यांनी हल्ल्याच्या ठिकाणांचे नकाशे पुरवले, असा आरोप होता. कसाबचा साथीदार अबू इस्माईल याच्या पँटच्या खिशात असा एक नकाशा सापडला, असं पोलिसांचं म्हणणं होतं. अन्सारीचे वकील शाहिद आझमी यांनी बोट ठेवलं ते कागदाच्या त्या तुकड्यावर. अबू इस्माईलचे कपडे रक्तानं भिजलेले, आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही, धड चुरगळलेलाही नाही.

११ फेब्रुवारी २०१० ला आझमी यांची कुर्ल्यातल्या त्यांच्या कार्यालयात गोळ्या घालून हत्या झाली. खटल्याचा निकाल अजून लागायचा होता. ३ मे २०१० ला विशेष न्यायाधीश एम. एल. टहलियानी यांनी कसाबला दोषी ठरवलं आणि अन्सारी व अहमद यांची सुटका केली. नकाशाच्या पुराव्यावर त्यांनी विश्वास ठेवला नाही. सरकारनं अपील केलं. उच्च न्यायालयानं २०११ मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये तीच कागदपत्रं वाचली आणि दोघांची सुटका कायम ठेवली.